दोन लॅब, दोन आकडे: सांगोल्याच्या दादांना उत्तर

दादा, एकाच बागेच्या भगवा डाळिंबात फवारलेल्या औषधाचा अंश किलोमागे किती मिलिग्रॅम उरला, याचे दोन लॅबमधून ०.००८ आणि ०.०१३ असे आकडे आले, म्हणून "एवढं बारीक काही दिसतच नाही, मशीनच्या नावाखाली भाव पाडतात" असं तुम्ही लिहिलंय. भाव पाडल्याचा राग मला पटतो, मशीनवरचा पटत नाही.

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे शंभर टन डाळिंबात एक ग्रॅम. लॅबमध्ये फळं सालीसकट दळतात आणि त्यातल्या १० ग्रॅम लगद्यातला अंश १० मिलिलिटर द्रावकात उतरवतात. मशीनमध्ये जातात त्यातले जेमतेम ५ मायक्रोलिटर, थेंबाचा दहावा हिस्सा. मर्यादेवरच्या मालात एवढ्याशा द्रावात औषध असतं ५० पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). तरी ते सापडतं. कॉलममधून, म्हणजे रसायनं वेगळी करणाऱ्या बारीक नळीतून, प्रत्येक रसायन आपापल्या वेळेला बाहेर पडतं. मग मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन ओळखणारं मशीन, ठरावीक वजनाचा आयन (विद्युतभारित कण) तेवढा आत घेतो, फोडतो आणि त्याचे दोन तुकडे मोजतो. वेळ, दोन्ही तुकडे आणि त्यांचं आपसातलं प्रमाण जुळलं तरच औषधाचं नाव रिपोर्टवर येतं.

त्रास देते ती डाळिंबाची साल. तिच्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, अर्कात उतरतात आणि औषधाचा सिग्नल दाबू शकतात. म्हणून तुलनेची, म्हणजे औषधाचं प्रमाण आधीच माहीत असलेली, द्रावणं बिनफवारणीच्या डाळिंबाच्याच अर्कात बनवावी लागतात. हे टाळलं तर आकडा खोटा कमी दिसू शकतो. लॅबला हा प्रश्न जरूर विचारा.

आता तुमचे दोन आकडे. युरोपातल्या लॅब अशा मोजमापात ५० टक्के इकडेतिकडे धरतात, त्या हिशोबात ०.००८ आणि ०.०१३ यांत भांडण नाही. आणि त्याआधीचा प्रश्न: दोन्हीकडे गेलेली फळं एकच होती का? फवाऱ्याच्या तोंडाशी आलेलं फळ आणि पानाआड राहिलेलं फळ, एकाच झाडावरची असली तरी त्यांच्यावर औषध सारखं बसत नाही. चार क्रेटमधून हाताला लागतील ती फळं उचलली, तर कितीही महागडं मशीन तुमच्या बागेबद्दल खरं सांगू शकणार नाही. शंका घ्यायचीच तर इथे घ्या.

पुढच्या वेळी नमुना काढताना स्वतः हजर राहा. पूर्ण बागेतून फळं घ्यायला लावा. एकदाच दळून त्या लगद्याचे दोन भाग सीलबंद करून मागा, एक गोठवून ठेवायला सांगा. वाद झालाच तर तोच भाग दुसऱ्या लॅबला जाईल. व्यापारी नुसता आकडा सांगून दर कमी करत असेल, तर छापील रिपोर्ट मागा.

तुमच्या रिपोर्टवरचं औषधाचं नाव, शेवटच्या फवारणीची आणि तोडणीची तारीख इथेच कळवा. मधले दिवस पुरेसे होते का, ते आपण मिळून पाहू.