‘नवीन गाडी घेतलीत? हे सात नियम पाळा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

पाडव्याला भाचीने गाडी घेतली. पूजा झाली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि गाडी सोसायटीच्या गेटात शिरायच्या आत तिथल्या ग्रुपवर तो मेसेज आला: ‘नवीन गाडी घेतलीत? हे सात नियम पाळा, गाडी वीस वर्षं त्रास देणार नाही. एका अनुभवी मेकॅनिकचा सल्ला.’ तिने तो मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मामा, खरं आहे का हे?’

मी एकवीस वर्षं वर्कशॉपमध्ये गाड्यांची जॉबकार्डं भरतोय. नियमांचा क्रम बदलून हाच मेसेज माझ्याकडे बऱ्याचदा आला आहे आणि दरवेळी मी तो पुसून टाकला. भाचीने विचारल्यावर मात्र तसं करता येईना. सातातले काही नियम फक्त खिशाला चाट लावतात. पण निदान तीन असे आहेत की ते पाळून माणूस जिवाला मुकेल. म्हणून एकेक घेतो.

पहिला: ‘1000 किलोमीटरपर्यंत 40 च्या वर जाऊ नका. 1000 झाले की लगेच ऑइल बदला.’

नव्या इंजिनाला सुरुवातीला जपावं लागतं, एवढा भाग खरा आहे. पण जपायचं म्हणजे रांगत न्यायचं असं नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की पहिले सुमारे 1000 किलोमीटर जोरात रेस करू नका आणि एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका, वेग कमीजास्त होऊ द्या. मेसेज वाचून लोक टॉप गिअरमध्ये 40 ने जातात. इंजिन गुरगुरतं, गाडी थरथरते, आणि त्यांना वाटतं आपण जपतोय. त्या थरथरीत इंजिनावर जास्त ताण येतो. वेग कमी असेल तर गिअरही खालचा हवा.

पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला बऱ्याच गाड्यांचं ऑइल बदलतच नाहीत, फक्त तपासतात. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ते 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल तेव्हा बदलायचं असतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे. नव्या गाडीत इंजिनापेक्षा ब्रेक आणि टायर यांचं भान जास्त ठेवा, हे मात्र मेसेज सांगत नाही. नवे ब्रेक पॅड डिस्कवर नीट बसायला आणि टायरवरचा कारखान्यातला गुळगुळीतपणा जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तोवर पुढच्या गाडीपासून जरा जास्त अंतर ठेवा.

दुसरा: ‘रोज सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवा.’

हा सल्ला जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळी बरोबर होता. कार्ब्युरेटर होता, चोक ओढावा लागायचा, थंड इंजिन झटके देत बंद पडायचं. आता पेट्रोल इंजेक्टरमधून मोजून येतं. अर्धा मिनिट थांबा, सीटबेल्ट लावा, आरसे बघा, निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 डिझेल गाडी असेल तर उभ्या उभ्या चालू ठेवणं उलट महागात पडतं. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. रोज दोन किलोमीटर ऑफिस आणि दहा मिनिटं उभी, असं केलं की तो फिल्टर तुंबतो. आणि दारं लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं तर थेट जिवाशी खेळ आहे. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

तिसरा: ‘उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो. दिवसातून एकदा झाकण उघडून गॅस जाऊ द्या.’

दर एप्रिलमध्ये हा मजकूर इंडियन ऑइलच्या नावाने फिरतो, आणि आम्ही असं सांगितलेलं नाही, हे त्या कंपनीनेच जाहीरपणे स्पष्ट केलं आहे. गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरा, उन्हाळा असो की हिवाळा. ठिणगीशिवाय पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. चंद्रपूरचा पारा 47 वर गेला तरी ते फार दूर आहे. टाकी बनवतानाच वाफेसाठी जागा सोडलेली असते आणि ती वाफ कोळशाच्या एका डब्यात धरून इंजिनाला परत दिली जाते. झाकण उघडून ती पार्किंगमध्ये सोडणं हेच धोक्याचं.

नुकसान होतं ते वेगळ्याच सवयीने. पंपावरचा नोझल ‘टक्‌’ करून बंद होतो आणि आपण म्हणतो, ‘भाऊ, राउंड फिगर करा.’ त्या वरून ओतलेल्या पेट्रोलने कोळशाचा डबा भिजतो आणि निकामी होतो. टक्‌ झालं की थांबायचं, बिल 2,867 झालं तरी.

चौथा: ‘उन्हाळ्यात टायरमध्ये पाच पॉइंट हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल.’

जिवावर उठणाऱ्या तिघांतला हा पहिला. ऐकायला अगदी पटतं: उन्हाने हवा फुगते, म्हणून आधीच कमी भरा. पण टायर फुटतो तो बहुधा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जमिनीला लागताना जास्त दबतो आणि पुन्हा सरळ होतो. एक तार हातात घेऊन वीस-तीस वेळा मागेपुढे वाकवा आणि वाकलेल्या जागी बोट लावा, चटका बसेल. टायरच्या बगलेत हेच मिनिटाला शेकडो वेळा चाललेलं असतं. समृद्धी महामार्गावर 120 च्या मर्यादेने, मे महिन्याच्या दुपारी, मागे तीन माणसं आणि डिकी भरलेली, अशा वेळी त्या बगलेतलं रबर आणि धागे सुटायला लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

हवा तापून दाब वाढतो हे गाडी बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. म्हणून त्याने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. ड्रायव्हरचं दार उघडा आणि मधल्या खांबावर बघा. तिथे एक स्टिकर असतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. गावी जाताना दुसरा बघायचा. हवा तपासायची ती गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, किंवा घराजवळच्या पंपावर सकाळी निघाल्या निघाल्या. रस्त्यात तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पॉइंट जास्त दिसला तर ती हवा सोडू नका. टायरच्या बगलेवर कोरलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा आकडा नाही. ही चूक मी हवा भरणाऱ्या मुलांनाही करताना बघितली आहे.

नायट्रोजन भरला म्हणजे हवा बघायला नको, असंही मेसेजच्या काही प्रतींत असतं. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. भरायचा तर खुशाल भरा, पण महिन्यातून एकदा दाब बघायलाच हवा. आणि स्टेपनीचाही बघा. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी लहान आकाराची असते, तिच्यावर 80 ची मर्यादा लिहिलेली असते, आणि काहींत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं. हे घरच्या पार्किंगमध्ये, उजेडात बघून ठेवायचं. जॅक कुठे, पाना कुठे, टोचनाचा हुक कुठे अडकवायचा, सगळं.

पाचवा: ‘घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा किंवा इंजिन बंद करा, पेट्रोल वाचतं.’

वाचत नाही. आजची गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात की उतारावर इंजेक्टर पेट्रोल सोडणं थांबवतात, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होतं. म्हणजे मेसेज पाळणाऱ्याचं पेट्रोल जास्त जातं.

पण पेट्रोलचं सोडा. कुंभार्ली उतरून चिपळूणला जाताना मला दर पावसाळ्यात एखादी तरी गाडी कडेला उभी दिसते, पुढच्या चाकांतून धूर आणि जळक्या लायनरचा तो उग्र वास. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला मिळणारी मदत इंजिन चालू असल्यामुळे मिळते. बंद इंजिनावर दोन-तीनदा दाबेपर्यंत ती पुरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं, आणि किल्ली काढली तर काही गाड्यांत लॉकच होतं. समोर वळण आहे आणि स्टिअरिंग लॉक, याचा एकदा विचार करा.

जुने ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरने घाट चढतोस त्याच गिअरने उतर. ते आजही तंतोतंत खरं आहे. ऑटोमॅटिक असेल तर तिच्यात खालचा गिअर धरून ठेवायची सोय बहुधा असते, ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड. तो कसा लावायचा हे सपाट रस्त्यावर शिकून घ्या आणि मगच ताम्हिणीकडे वळा.

सहावा: ‘साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर लगेच स्टार्टर मारा, आत पाणी शिरायच्या आधी बाहेर काढा.’

बंद पडली याचा अर्थ बहुधा पाणी शिरलेलं आहे. हवेच्या वाटेने ते सिलेंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबता येते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून आणलेल्या गाडीची दुरुस्ती एरवी हजारांत भागते. ‘दोन-तीनदा मारून बघितला’ म्हणणाऱ्या मालकाचं बिल लाखांत जातं. शिवाय साध्या पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे आजच उघडून बघा. गाडी ढकलून कोरड्यात घ्या आणि टोइंगला फोन करा. पाणी चढत असेल तर गाडी सोडून द्या. 26 जुलै 2005 ला मुंबईत काही माणसं बंद गाडीतच जिवानिशी गेली. पाणी वाढतंय असं दिसताच, काचा खाली होताहेत तोवर काचा खाली करा आणि बाहेर पडा.

सातवा: ‘सहा एअरबॅग असतील तर शहरात सीटबेल्टची गरज नाही. मागे तर नाहीच.’

हा वाचून मला खरोखर राग आला. सहा एअरबॅगच्या जाहिराती बघून लोकांना हे पटतंही.

पट्टा लावलेला माणूस गृहीत धरूनच एअरबॅग बनवलेली असते. पापणी लवायच्याही आत ती फुगते आणि माणूस पुढे झुकेपर्यंत तयार असते. पट्टा नसला तर माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो. म्हणूनच छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान 25 सेंटीमीटर, वीतभराहून थोडं जास्त, अंतर ठेवायला सांगतात. आणि बहुतेक गाड्यांत मागे बसणाऱ्याच्या समोर तर एअरबॅग नसतेच. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी, एअरबॅग भरपूर. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागेही पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे, 1000 रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने लावू नका. मागचा माणूस सुटला तर पुढच्यावर येऊन आदळतो, आणि पुढे बहुधा आपलंच कोणीतरी बसलेलं असतं. पट्ट्याचा पिंग बंद करायच्या ज्या क्लिपा मिळायच्या, त्या काढून टाकायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना लावलं. कोणाच्या गाडीत अजून असेल तर ती आज कचऱ्यात टाका.

नवी गाडी घरी आल्यावर आपण प्रेमाने जे करतो त्यातलंही काही तपासून घ्या. सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ अशी छोटी चिठ्ठी शिवलेली असेल तर तिथून एअरबॅग फुटून बाहेर येते. त्यावर जाड, शिवण घट्ट असलेलं सीट कव्हर चढवलं तर तिचा रस्ता बंद होतो. सीटवरचं प्लॅस्टिकही काढून टाका. बाळाची मागे तोंड असलेली सीट एअरबॅगच्या समोर, पुढच्या सीटवर, कधीही लावू नका. आणि गणपती. भाचीने डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, नेमक्या ‘एअरबॅग’ अशा कोरलेल्या अक्षरांवर, पितळेची मूर्ती दुहेरी टेपने बसवली होती. अपघातात ते झाकण उडतं आणि वर जे असेल ते समोरच्याच्या तोंडावर येतं. मी तिला ती अक्षरं बोटाने चाचपायला लावली. मूर्ती तिने स्वतःच काढली. आता देवघरात आहे, आणि गाडीत आरशाच्या वर छोटा कागदी फोटो आहे.

राहिली आई. ती मागे बसते आणि म्हणते पट्टा पोटाला काचतो. काचतो, कारण तो पोटावरून जातो. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या दोन्ही हाडांवर बसवायचा आणि वरचा ओढून सैलपणा काढायचा. साडीचा पदर आधी पट्ट्याच्या बाहेर काढून घ्यायचा. गेल्या रविवारी तसा लावून दिला, तर आळंदीपर्यंत एकदाही तक्रार केली नाही.