नेटवरचं औषधाचं पान कधीचं आहे, ते आधी बघा

मिरजेत माझं मेडिकल आहे. गेल्या आठवड्यात तासगावकडचा एक मुलगा मावशीसाठी बी-कॉम्प्लेक्स घ्यायला आला. मावशीला फुफ्फुसाचा टीबी, वजन ४२ किलो, गोळ्या सरकारी दवाखान्यातून. बोलता बोलता म्हणाला, "आता एक दिवसाआड देतोय. रोज तिला मळमळतं. नेटवर बघितलं, आठवड्यातनं तीनदाच घ्यायच्या असतात."

मोबाईल दाखवला त्यानं. साईट चांगली नावाजलेली. माहितीही मनानं रचलेली नव्हती. आपल्या सरकारी कार्यक्रमात टीबीची औषधं खरंच आठवड्यातून तीनदा दिली जायची. २०१७ मध्ये ती पद्धत जाऊन रोजचा डोस आला. ते पान मात्र तिथंच थांबलं होतं.

यातला धोका नीट बघा. तीनदाच्या काळात मोठ्या माणसाच्या पोटात एका वेळी आयसोनियाझिड हे टीबीचं औषध ६०० मिलिग्रॅम जायचं. आजच्या चार औषधांच्या एकत्रित गोळीत ते ७५ असतं. मावशींना रोज तीन गोळ्या, म्हणजे २२५. जुनं वेळापत्रक आणि नव्या गोळ्या एकत्र झाल्या की जुन्या हिशेबानंही निम्म्याहून कमी औषध. अशा अपुऱ्या माऱ्यातच टीबीचे जंतू निबर होतात, औषधाला दाद देत नाहीत. काउंटरवरूनच त्याला टीबीच्या उपचार केंद्रावर फोन लावायला लावला. रोजच्या गोळ्या परत सुरू झाल्या आणि मळमळीवर काय करायचं तेही कळलं. त्या पोराला मी बोल लावणार नाही. मावशीच्या काळजीपोटीच शोधत होता तो.

टीबीची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. एक पाकीट विकलं तरी डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून ३ वर्षं जपावं लागतं मला. आणि लाखो लोक वाचतात त्या पानावर शेवटचा बदल कधी झाला, कोणत्या देशासाठी लिहिलंय, हे शोधूनही सापडू नये? मला याचा मनापासून राग येतो.

देशाचा मुद्दाही बारीक नाही. टीबीचंच दुसरं औषध, आपलं रिफाम्पिसिन, अमेरिकेत रिफाम्पिन. आपल्या ब्रँडचं नाव टाकलं तर तिकडच्या साईटला बऱ्याचदा ते ओळखूच येत नाही, आणि काही धोका दिसला नाही की माणूस समजतो, चालतंय. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, त्याला घाबरून लोक धावत येतात. ते निरुपद्रवी आहे. पण त्याच औषधानं माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे विचारायला आजवर एकही बाई आपणहून आलेली नाही.

चांगलं काम होऊ शकतं. लिव्हरपूल विद्यापीठाची एचआयव्ही औषधांची साईट बघा. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध एरवी दिवसातून एकदा, रिफाम्पिसिन सोबत असेल तर ५० मिलिग्रॅम दोनदा, असं औषधाची जोडी टाकली की समोर येतं. टीबीसाठी असं पान मराठीत हवं, सरकारनं चालवलेलं, वजनाप्रमाणे गोळ्या आणि सगळ्यात वर ठळक तारीख.

"नेटवर बघूच नका" असं मी कुणाला सांगत नाही. डॉक्टरांकडे गर्दी असते, रात्री अकराला शंका येते, माणूस मोबाईलच उघडणार. फक्त डोस बदलण्याआधी गोळ्यांचं पाकीट आणि ते पान, दोन्ही घेऊन दवाखान्यात किंवा जवळच्या मेडिकलमध्ये जा. औषधाचा त्रास होत असेल तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, तिथं पेशंटलाही तक्रार नोंदवता येते.