हिरवी तार कापू नका

व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: "मीटरवरचा 'अर्थ'चा लाल दिवा लागत असेल तर अर्थिंगमुळे तुमचं बिल वाढतंय. बोर्डातली हिरवी तार काढा, दिवा विझेल, बिल उतरेल. एमसीबी आहे, घाबरू नका. हवं तर अर्थची पिन न्यूट्रलला जोडा." हे वाचून माझ्यासारख्या वायरिंगच्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

आधी दिव्याचं बघू. हल्लीचे बहुतेक सिंगल फेज मीटर फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला, असे दोन्ही करंट मोजतात. दोन्हींत फरक पडला की दिवा लागतो, आणि जो करंट जास्त त्यावर युनिट पडतात. म्हणजे करंट भलत्याच वाटेनं परततोय. ती वाट अर्थचीच असते असं नाही. जुन्या चाळींत, एकाच घरात दोन मीटर असतात तिथे, फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा असा घोळ नेहमी सापडतो. तिथे हिरवी तार कापून काहीही होत नाही.

मग तार काढल्यावर बिल कमी होतं का? कधी कधी खरंच होतं, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. अर्धा अँपिअर गळती दिवसरात्र चालू असेल, तर 230 व्होल्टवर 115 वॅट होतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ 83 युनिट. पण गळती तारेत नसते. ती गिझरच्या तडकलेल्या एलिमेंटमध्ये किंवा पंपाच्या भिजलेल्या वायंडिंगमध्ये असते. तार तो करंट जमिनीत नेत होती. ती कापली की दिवा विझतो, आणि गिझरच्या बॉडीवर व्होल्टेज तसंच उभं राहतं. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धरा: नळाला हात लागला की 230 मिलिअँपिअर. जीव जायला याहून कितीतरी कमी पुरतो.

एमसीबी म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच; त्याला हे 230 मिलिअँपिअर कळतही नाहीत. हिरवी तार जागेवर असली आणि ती जमिनीत जिथे उतरते त्या अर्थच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम असेल, तर फेज थेट बॉडीला चिकटला तरी 46 अँपिअरच वाहतात. मेनचा 32 अँपिअरचा एमसीबी तेवढ्यावर तासभर तग धरू शकतो. म्हणून चांगल्या अर्थिंगच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे एवढीशी गळती दिसली तरी वीज तोडणारा स्विच, लागतोच.

पिन न्यूट्रलला जोडणं तर सगळ्यात घातक. खांबावर न्यूट्रल तुटला, की चालू पंख्या-दिव्यातून फेज मागे फिरतो आणि फ्रिजपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्या पत्र्यांवर येतो.

दिवा लागलाय? परवानाधारक वायरमनला बोलवा. एकेक सर्किट बंद करून कुठल्या सर्किटला दिवा विझतो ते पाहायला सांगा, तिथे मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला सांगा. दोष सापडेपर्यंत गिझर आणि पंप बंद ठेवा.