‘मानसशास्त्र सांगतं’ म्हणे! खान्देशातल्या पोरांवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे चार वाटांनी आला. शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, भाऊबंदांच्या ग्रुपवर, कापसाच्या भावाच्या ग्रुपवर, आणि सुरतेच्या मावसभावाकडून स्वतंत्र. मथळा, ‘मानसशास्त्र सांगतं : खान्देशातली मुलं मागे का पडतात?’ मजकूर लांबलचक, पण मुद्दे चारच. तेरा ते अठरा हे वादळाचं वय, त्यात मूल हाताबाहेर जाणारच. आईबापाला उलट बोललं म्हणजे संस्कार संपले. पोरांना घरची-शेतातली कामं अजिबात सांगू नका, फक्त अभ्यास करू द्या. आणि घरात अहिराणी बंद करा, कारण दोन भाषांत, दोन संस्कृतींत वाढलेलं मूल ना इकडचं राहतं ना तिकडचं.

कोणत्या मानसशास्त्रज्ञाने हे सांगितलं, त्याचा पत्ता मेसेजमध्ये नाही. मी धुळे जिल्ह्यात बरीच वर्षं आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवतोय. मानसशास्त्रज्ञ नाही, पण या विषयावर जे जमेल ते वाचत आलोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘वादळ येणारच.’ ही कल्पना जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९०४ सालची. तिला सव्वाशे वर्षं होत आली. १९९९ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी तोवरचा सगळा अभ्यास चाळून तिची फेरतपासणी केली. पालकांशी खटके, मनाचे चढउतार, धोका पत्करण्याची खुमखुमी, हे तिन्ही या वयात इतर वयांपेक्षा जास्त दिसतं, हे त्यांनी मान्य केलं. पण सगळ्याच मुलांत दिसत नाही, आणि प्रत्येक समाजात त्याचं प्रमाण वेगळं असतं. मेसेजमधला ‘च’ तेवढा काढून टाका. त्या ‘च’च्या आधाराने बाप आधीच हात टेकतो, किंवा आधीच हात उगारतो.

‘उलट बोलतो म्हणजे संस्कार संपले.’ किशोरवय, कुटुंब आणि संस्कृती यांचं नातं ज्यांनी आयुष्यभर अभ्यासलं, त्यांत अँड्र्यू फुलिग्नी हे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ आहेत. १९९८ च्या अभ्यासात त्यांनी अमेरिकेतल्या मेक्सिकन, चिनी, फिलिपिनो आणि युरोपीय वंशाच्या घरांतली मुलं घेतली. आईवडिलांशी वाद घालणं कितपत चालतं आणि स्वतःचे निर्णय कोणत्या वयात घ्यावेत, यावर या मुलांची मतं वेगवेगळी निघाली. पण घरात प्रत्यक्ष होणारी भांडणं आणि आईवडिलांविषयीची जवळीक मोजली, तेव्हा सगळीकडे जवळपास सारखीच! वडीलधाऱ्यांचा मान राखणाऱ्या घरातही पोर वाद घालतं, आणि तरी जवळचंच राहतं.

वाद कशावरून होतात, हेही बघा. मोबाइल, केसांचा कट, मोटरसायकलची चावी, क्लासवरून यायला उशीर. ज्युडिथ स्मेटाना यांचं संशोधन हेच दाखवतं, की मूल सहसा नीतीविरुद्ध भांडत नाही, ‘ही गोष्ट माझ्या अखत्यारीत की तुमच्या’ यावरून भांडतं. बांधावरूनच भांडण म्हणायचं. आणि बांधावरून भांडणाऱ्या भावांचं आपल्याकडे रक्त तुटत नाही, हे खान्देशात कोणाला वेगळं सांगायला हवं?

‘कामं सांगू नका.’ इथे मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून जरा थांबतो.

दिवाळीनंतर वेचणी लागली की माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात. चांगलं पोर तीन-तीन आठवडे दिसत नाही. परत येतं तेव्हा बोटांना कापसाच्या बोंडाने ओरखडे आलेले असतात, आणि बीजगणित दोन धडे पुढे निघून गेलेलं असतं. या बाबतीत मी त्या मेसेजवाल्याच्या बाजूने उभा राहीन.

पण ‘अजिबात’ हा शब्द खोटा आहे. फुलिग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दहावी-बारावीतली ८०० हून अधिक मुलं पाहिली. कुटुंबाप्रति कर्तव्य फारच कमी मानणारी मुलं गुणांत मागे होती. कर्तव्य सगळ्यात जास्त मानणारीही तितकीच, काही वेळा त्याहून मागे. पुढे होती ती मधली. भाजीतल्या मिठाचा हिशेब आहे हा. पुढे २००९ मध्ये इव्हा टेल्झर आणि फुलिग्नी यांनी मुलांना रोजच्या नोंदी ठेवायला लावल्या. घरच्यांना मदत करणारी मुलं जास्त आनंदी दिसली, आणि त्याचा धागा ‘मी या घरचा चांगला मुलगा, चांगली मुलगी आहे’ या भावनेशी जुळला.

मी हे पाहिलंय. माझ्या वर्गातली एक मुलगी सकाळी डेअरीवर दूध घालून शाळेत यायची. फॅट किती लागली, दर काय पडला, सगळं तोंडपाठ. दशांश अपूर्णांक तिला मी शिकवले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेच ओझं तिच्यावर दिवसभर टाकलं असतं, तर ती दहावीपर्यंत पोचली नसती.

आणखी एक. हा मुद्दा पाळायचा तर फक्त पोऱ्यांसाठी पाळला जातो. ‘त्याला अभ्यास करू द्या’ म्हणणारी घरं मुलीला मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशीही कळण्याच्या भाकरी थापायला बसवतात. मेसेज लिहिणाऱ्याला ‘पोरांना’ म्हणताना पोरी दिसल्या असतील, असं वाटत नाही.

‘अहिराणी बंद करा.’ खरा विषारी मुद्दा हा, कारण लोक तो लगेच अमलात आणतात. मोबाइल सोडवणं अवघड, आजीची भाषा सोडवणं सोपं.

दोन भाषांनी डोकं गोंधळतं, असं जुने अभ्यास खरंच म्हणत. पण त्यांत गरीब घरांतल्या मुलांची तुलना सुखवस्तू घरांतल्या मुलांशी केलेली असे. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधली दहा वर्षांची मुलं तपासताना आर्थिक स्थिती सारखी ठेवली, आणि निकाल उलटा लागला. दोन भाषा जाणणारी मुलं पुढे.

परदेशातलं नको असेल, तर ओडिशात चला. तिथे अजित मोहंती या मानसशास्त्रज्ञांनी कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. समाज एक, राहणी एक. फरक एवढाच, की काही मुलं कुई आणि ओडिया दोन्ही बोलत, तर काहींची घरची कुई सुटून नुसती ओडिया उरलेली. मेसेजवाला जो उपाय सांगतोय तो यांच्यावर आपोआप झालेला होता. बौद्धिक चाचण्यांत आणि भाषेची जाण तपासणाऱ्या चाचण्यांत दोन्ही भाषावाली मुलं सरस ठरली.

राहिलं ‘ना इकडचं ना तिकडचं’. अशी मुलं असतात, नाकारत नाही. जॉन बेरी, जीन फिनी आणि सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित किशोरांचा अभ्यास २००६ मध्ये मांडला. सगळ्यात वाईट अवस्था होती ती कुठलीच ओळख पक्की नसलेल्या मुलांची. सगळ्यात बरी कोणाची? घरची आणि बाहेरची, दोन्ही धरून ठेवणाऱ्यांची. मेसेजने या दोन गटांची नावं अदलाबदल करून टाकली आहेत.

माझ्या मावसभावाची मुलगी सुरतेला लिंबायतमध्ये वाढतेय. शाळेत गुजराती, मैत्रिणींत हिंदी, आजीशी अहिराणी. श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, गावी आली, की दोन मिनिटांत गाडी रूळ बदलते. कोणाशी काय बोलायचं, यात ती कधी अडखळलेली मी पाहिली नाही.

अडखळतं ते आमच्या वर्गातलं पोर. ‘मन्हं दप्तर घर राही गयं’ म्हणतं आणि सगळा वर्ग हसतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही हसलोय. त्यानंतर ते पोर महिनाभर तोंड उघडत नाही, आणि आम्ही प्रगतिपुस्तकात लिहितो, ‘अभिव्यक्ती कमी.’ दोष अहिराणीच्या नावावर जमा होतो. जनगणनेत अहिराणी ‘खान्देशी’ या नावाखाली मोजली जाते. २००१ साली खान्देशी भाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार. माणसं कमी झाली नाहीत, सांगणारी कमी झाली. आणि जळगावच्या विद्यापीठाची पदवी घेऊन हीच मुलं फोटो काढतात, तेव्हा त्या कागदावर नाव असतं लिहिता-वाचता न येणाऱ्या, लेवा बोलीत ओव्या रचणाऱ्या बहिणाबाईंचं.

हे सगळं मी चारही ठिकाणी टाकलं. पालकांच्या ग्रुपवर दोन अंगठे आले, कापसाच्या ग्रुपवर कोणी वाचलं नसावं. मावसभावाने मात्र मूळ मेसेज पाठवतानाच खाली स्वतःची एक ओळ जोडली होती, ती मला उत्तर लिहून झाल्यावर नीट दिसली. ‘हाई खरं शे का रे भो?’

‘नही,’ मी लिहिलं. ‘आनि तुन्ही पोरले कानबाईले लई ये.’