सुझुकी बुडीत कंपनी होती? त्या फॉरवर्डला उत्तर

मारुती ८०० चा फोटो लावलेला तो मेसेज पुन्हा फिरतोय. सुझुकी ही जपानातली बुडायला आलेली मोटारसायकल कंपनी, गाडी बनवण्याचा तिला गंध नव्हता, संजय गांधींनी तिला इथे आणलं, तिने टाकाऊ मॉडेल आपल्या गळ्यात मारलं आणि आपल्या पैशावर ती मोठी झाली, असं त्यात म्हटलंय. एकेक मुद्दा घेऊ.

‘मोटारसायकल कंपनी.’ सुरुवात मोटारसायकलने झालीच नाही. सुतारकाम शिकलेल्या मिचिओ सुझुकींनी १९०९ साली जपानातल्या हामामात्सुला माग बनवायला सुरुवात केली. दोन धोट्यांचा (आडवा दोरा नेणारा तो धोटा) त्यांचा माग पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणायचा. पुढे सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, विणायचे त्यांचे माग आग्नेय आशियात जाऊ लागले. १९३७ साली त्यांनी छोट्या गाडीचं काम हाती घेतलं, नमुनेही तयार झाले, पण युद्धाने ते थांबवलं. युद्धानंतर मागांचा धंदा बसला, तेव्हा १९५२ साली सायकलला लावायचं ३६ सीसीचं इंजिन आलं. आणि १९५५ साली सुझुलाइट ही गाडी! ३६० सीसीच्या आतलं इंजिन, तेही पुढच्या चाकांना फिरवणारं. बहुतेक कंपन्या तेव्हा मागची चाकं फिरवत होत्या. म्हणजे १९८२ च्या मारुतीच्या करारापूर्वी सत्तावीस वर्षं ही कंपनी चारचाकी बनवत होती.

‘बुडायला आलेली.’ यात तथ्याचा कण आहे, तो नाकारणार नाही. सत्तरच्या दशकात जपानने धुराचे नियम कडक केले आणि सुझुकीची सगळी भिस्त जास्त धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांवर होती. नवं इंजिन वेळेत जमेना, तेव्हा प्रतिस्पर्धी दैहात्सुचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्यायची वेळ आली. पण १९७८ साली ओसामु सुझुकी अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी आल्टो आली, किंमत ४ लाख ७० हजार येन. प्रवासी गाडीवर कर होता, मालवाहू गाडीवर नव्हता. म्हणून मागची सीट अरुंद ठेवून आल्टोची नोंद मालवाहू म्हणून केली. ती तुफान खपली. १९८१ साली जनरल मोटर्सने सुझुकीत भागीदारी घेतली. बुडत्या कंपनीत असं कोण पैसे घालतं?

‘संजय गांधींनी आणलं.’ संजय गांधींचं निधन जून १९८० मध्ये झालं. सुझुकीशी करार झाला ऑक्टोबर १९८२ मध्ये. त्यांची मारुती कंपनी १९७० च्या दशकातच बंद पडली होती. सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ साली मारुती उद्योग स्थापन झाला आणि व्ही. कृष्णमूर्ती, आर. सी. भार्गव यांच्या चमूने अनेक देशांतल्या कंपन्यांची दारं ठोठावून भागीदार शोधला.

‘टाकाऊ मॉडेल.’ डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० रस्त्यावर आली. तिचा मूळ साचा जपानात १९७९ चा, म्हणजे चार वर्षांचा. तेव्हा मुंबईत कुर्ल्याला बनणारी पद्मिनी साठच्या दशकातल्या फियाटची, आणि अँबॅसॅडर पन्नासच्या दशकातल्या मॉरिसची. मग जुनं कोण? शेजारच्या काकांनी ८०० आणली तेव्हा आम्ही पोरं बॉनेटवर वाकून बघत होतो. तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन, आडवं बसवलेलं, सगळा कारभार पुढेच. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, म्हणून एवढ्याशा गाडीत आम्ही चौघं मागे बसायचो. मांडणी तीच, सुझुलाइटची. तक्रार करायचीच तर वेगळी करा: १९८६ साली बदललेलं रूप किरकोळ फेरफारांनिशी २०१४ पर्यंत विकलं, हे मात्र फार झालं.

‘आपल्या पैशावर मोठी झाली.’ आज सुझुकीच्या निम्म्याहून जास्त गाड्या भारतात विकल्या जातात आणि २०१२ साली तिने अमेरिकेत गाड्या विकणं थांबवलं, हे खरं. पण १९८२ साली तिने मारुती उद्योगात २६ टक्के भांडवल स्वतःचं घातलं, तेही वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास हजार गाड्या खपणाऱ्या देशात. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट कामाची पद्धत. सुट्या भागातला एकेक ग्रॅम आणि एकेक येन वाचवायचा, हा तिथला शिरस्ता. गुडगावच्या कारखान्यात मॅनेजर आणि कामगार सारखाच गणवेश घालत, एकाच कँटीनमध्ये जेवत. साहेबाला वेगळी केबिन असलीच पाहिजे, असं मानणाऱ्या तेव्हाच्या सरकारी कंपनीत हे रुजवणं किती अवघड गेलं असेल! ते रुजवलं भारतीय माणसांनी, आणि त्या मेसेजमध्ये त्यांच्याबद्दल एक शब्द नाही.