नोकियाचे साहेब रडले म्हणे

दर दोन-चार महिन्यांनी तो मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतोच. मायक्रोसॉफ्टने नोकिया विकत घेतली, तेव्हा पत्रकार परिषदेत नोकियाचे सीईओ म्हणाले, ‘आम्ही काहीच चुकलो नाही, तरी हरलो’, आणि सगळी साहेबमंडळी रडली. खाली तात्पर्य: जग फार झपाट्याने बदललं, नोकियाने शिकणं सोडलं, तुम्ही सोडू नका. मग हात जोडलेला इमोजी.

आधी किरकोळ गोष्टी उरकू. विकला गेला तो नोकियाचा फोनचा धंदा, अख्खी नोकिया नव्हे. ३ सप्टेंबर २०१३ला ५.४४ अब्ज युरोंचा तो सौदा जाहीर झाला. मोबाइल नेटवर्कची यंत्रणा नोकिया आजही विकते. शिवाय त्याच दिवशी स्टीफन इलॉप सीईओपदावरून बाजूला झाले आणि हंगामी कारभार अध्यक्ष रिस्तो सिलास्मा यांच्याकडे गेला. म्हणजे रडले ते नेमके कुठले साहेब, तेही मेसेजवाल्यांनी एकदा ठरवावं.

आता ‘काहीच चुकलो नाही’. याच इलॉप यांचं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र फेब्रुवारी २०११मध्ये फुटलं होतं. समुद्रात पेटलेल्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट सांगून त्यांनी लिहिलं होतं की, आपल्या आगीत आपणच पेट्रोल ओतलंय. आयफोन २००७ला आला आणि त्याच्या जवळपास जाईल असं काही आपल्याकडे अजून नाही, हेही त्यात होतं. चूक मान्य करायला आणखी काय हवं?

चूक होती सिंबियनला, म्हणजे नोकियाचे स्मार्टफोन ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत तिला, चिकटून राहण्याची. ही प्रणाली सायन कंपनीच्या खिशातल्या छोट्या संगणकांसाठी घडली, नव्वदच्या दशकात, चार-आठ एमबी मेमरीत भागवायच्या हिशेबाने. त्या काळात ते कौतुकाचंच होतं. पण ती काटकसर प्रोग्रामरच्या मानेवर कायमची बसली. बटणांसाठी बेतलेल्या त्या सांगाड्यावर २००८मध्ये ५८०० एक्सप्रेसम्युझिक या फोनला टचस्क्रीन चढवला. काही ठिकाणी एका टिचकीत काम होई. यादीत मात्र पहिली टिचकी ओळ निवडायला, दुसरी ती उघडायला. एन९७ या फोनमध्ये साठवायला ३२ जीबी, पण सी ड्राइव्हवर, म्हणजे प्रणालीच्या स्वतःच्या कप्प्यात, मोकळी जागा पन्नासेक एमबीच्या घरात, त्यामुळे ‘मेमरी फुल’चा तगादा. ॲप टाकताना त्याच्या डिजिटल दाखल्याबद्दल ‘सर्टिफिकेटची मुदत संपली’ असं आलं की मोबाइलच्या दुकानातली पोरं फोनची तारीख मागे न्यायची, ॲप बसवायची आणि तारीख पुन्हा पुढे करायची. गिऱ्हाइकाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं, हे विशेष.

‘जग झपाट्याने बदललं’ हे अर्धंच खरं. सिंबियनऐवजी लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर चालणारा नोकियाचा ७७० टॅब्लेट २००५ला आला, आयफोनच्याही दोन वर्षं आधी. म्हणजे पर्याय घरातच होता. त्याच वाटेने पुढे एन९०० फोन, मग मीगो ही लिनक्सवरचीच प्रणाली आणि तिच्या घरातला एन९ फोन. एन९ जाहीर झाला जून २०११मध्ये, आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या प्रणालीशी सोयरीक त्याआधी चार महिने ठरून गेली होती. बारशालाच वारसाहक्क काढून घेतल्यासारखं. इतकी वर्षं मोठा मुलगा म्हणून मान सिंबियनलाच, कारण विक्री त्याचीच होती. २०१०मध्येही नोकियाचे सुमारे दहा कोटी स्मार्टफोन खपले. गल्ला भरत असताना दुकान मोडायला कोण तयार होतो?

राहिलं ‘शिकणं सोडलं’. यावर एकच फोन काढून दाखवतो. २०१२चा ८०८ प्युअरव्ह्यू, तोही सिंबियनवरचाच. कॅमेरा ४१ मेगापिक्सेलचा, तेव्हा ऐकणाऱ्याला आकडा चुकीचा छापलाय असं वाटावं. ते करणारे इंजिनिअर शिकले नव्हते म्हणता? आणि त्याच फोनच्या पडद्यावर पिक्सेल किती? ६४० बाय ३६०. चार वर्षांपूर्वीच्या ५८००वर होते तेवढेच.