फासकीत फक्त डुक्करच अडकतं?

कोकणातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: ‘शिकार आजोबा-पणजोबांपासून चालत आलीय. तारेची फासकी लावतो ती शेताची नासधूस करणाऱ्या डुकरांसाठी. खवले मांजर विकून गरिबाला चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठे? शिकारीने नुकसान होतं ते शहरातून दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांचं, गावाचं नाही.’ मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पक्षी बघत फिरणारा माणूस, आणि गावातलाच. हा निरोप पुढे पाठवणाऱ्यांत माझी माणसं आहेत, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतोय.

आजोबांची पारध होती, खरं आहे. पण ती ठासणीच्या बंदुकीची, हाकाऱ्यांची, दिवसाउजेडी निघालेल्या अख्ख्या गावाची होती. आज मध्यरात्री गाडी येते, तिघे-चौघे उतरतात, डोक्याला बॅटरी बांधतात. सावज समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. परंपरा म्हणून त्यात आपल्याला सूट नाही.

आता डुकरांचं. इथे निरोप लिहिणाऱ्याचं दुखणं खरं आहे. कापणीला आलेलं भात डुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं मी पाहिलंय. भरपाईसाठी पंचनामा, कागद, हेलपाटे, आणि हाती येतं ते तुटपुंजं. शेतकऱ्याला राग येणारच. पण फासकी कुठे लावलेली असते तेही बघा. शेताच्या बांधावरची वेगळी. मला सापडलेल्या बहुतेक फासक्या वहाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणाऱ्या जनावरांच्या वाटेवर होत्या, झाडाच्या बुंध्याला करकचून बांधलेल्या. तिथे आसपास भात नाही, नाचणी नाही. ती राखण नव्हे, मटणाची सोय आहे.

आणि दुचाकीच्या क्लचच्या तारेला डुक्कर कुठलं नि भेकर कुठलं ते कळत नाही. त्याच वाटेने साळिंदर जातं, पिसोरी हे इवलंसं हरीण जातं, बिबट्या जातो. बिबट्या अडकला की तार कमरेत रुतते आणि तो जितकी धडपड करेल तितकी आवळत जाते. वनखात्याची माणसं पिंजरा आणि भुलीचं इंजेक्शन घेऊन पोचतात. कधी तो वाचतो, कधी तोवर आतून फाटून मेलेला असतो. बघायला शंभर माणसं जमलेली असतात. त्यावेळी तार तुटली तर काय, हा विचारही अंगावर काटा आणतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे वरचेवर घडतं.

यात आणखी एक हिशेब आहे. डुकरीण एका खेपेला चार-सहा पिल्लं घालते. खवले मांजराला बहुधा एकच होतं, गव्यालाही एकच. त्यामुळे फासकीने डुकरांची झालेली तूट भरून निघते, बाकीच्यांची निघत नाही. डुकरांची पिल्लं उचलणारा बिबट्याच तारेत गेला तर शेताचा फायदा कुठला? ज्याचं पीक खरंच जातंय त्याला वनखात्याकडे अर्ज करून रानडुकराबाबत परवानगी मागता येते. ती वाट किचकट आहे, मान्य. ती सोपी करा म्हणून भांडायला मी तुमच्याबरोबर येईन.

‘गरिबाला चार पैसे’ हे तर मला सगळ्यात जास्त टोचतं. खवल्यांचे लाखो रुपये मिळतात ही अफवा गावातल्या पोराला रानात पाठवते. पैसा वरच्या दलालांच्या साखळीत राहतो. बनावट गिऱ्हाईक होऊन आलेल्या पथकाच्या हाती सापडतं ते पोर. खवले मांजर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं. आणि विकायचं काय, तर आपल्या नखांत असतं तेच केराटिन. चीननेही २०२० मध्ये हे खवले आपल्या अधिकृत औषधसूचीतून काढून टाकले. जिवंत खवले मांजर मुंग्या आणि वाळवी खाऊन जगतं. काजूच्या बुंध्याला लागलेल्या वाळवीसाठी आपण औषध विकत आणतो, आणि ती फुकट खाणारं जनावर पोत्यात घालून विकतो.

राहिला शेवटचा मुद्दा, नुकसान दुर्बिणवाल्यांचं. आमचं होतंच. सड्यावर खवले मांजराचं ताजं बीळ दिसलं तेव्हा मी कुणालाही सांगितलं नाही. शाळेतल्या मुलांना तिथे न्यावं असं फार वाटत होतं. पण जागा एकदा तोंडातून गेली की कुठवर पोचेल याचा भरवसा नाही. निसर्गनोंदींच्या ॲपवरही धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण लपवावं लागतं, ते याच भीतीने. आपल्याच गावात काय आहे हे आपल्याच मुलांपासून लपवायचं, हे नुकसान गावाचं नाही तर कुणाचं?

पैशांतच मोजायचं असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. ती उकरून खाल्ली, विकली जायची. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं, वनखातं आलं, आणि गावातल्याच माणसांनी घरट्यांची राखण अंगावर घेतली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, राहतात वेळासच्या घरांमध्येच, जेवतात तिथल्या बायकांच्या हातचं. अंडी उकरणाऱ्याला ती एकदाच मिळायची. आता त्याच किनाऱ्यावर हंगामाला घरोघर पाहुणे असतात, आणि ते दुर्बिणवालेच असतात.

रानात तार दिसली, जनावर अडकलेलं दिसलं, तर जवळ जाऊ नका, गर्दी करू नका. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फुकट लागतो. निरोपाबरोबर हा आकडाही पुढे पाठवा.